कॉपी परत येते का? खान्देशातल्या पत्रकारिता इंटर्नशिपचं परीक्षण

वृत्तपत्राच्या कचेरीत घालवलेले तास आता गुणपत्रिकेत धरले जातात. राज्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या नव्या आराखड्यात पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ओजेटीला (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) ४ क्रेडिट आहेत. पदवीच्या मुलांसाठी यूजीसीने चौथ्या सत्रानंतर ६० ते १२० तासांची, म्हणजे २ ते ४ क्रेडिटची इंटर्नशिप सांगितली आहे. वर्गातल्या व्याख्यानांचं एक क्रेडिट १५ तासांचं असतं, इंटर्नशिपचं मात्र ३० तासांचं. त्यामुळे ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. रोजचे ६ तास धरले तर २० दिवस, आठवड्याला पाच दिवस काम धरलं तर चार आठवडे.

हे चार आठवडे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारात कुठे घालवावेत, याचं हे परीक्षण. पुण्या-मुंबईत जाऊन इंटर्नशिप करणाऱ्यांचा इथे विचार केलेला नाही, कारण बहुतेकांना खोलीभाड्याचा आणि खाणावळीचा खर्च झेपत नाही. आणि खरं सांगायचं तर बातमी शिकायला जिल्ह्याची कचेरी कमी नाही. उलट मोठ्या शहरात इंटर्न महिनाभर एकाच पुरवणीवर बसतो. इथे सकाळी बाजार समिती, दुपारी जिल्हा परिषद आणि संध्याकाळी अपघाताची बातमी एकाच माणसाच्या वाट्याला येते.

जागा पारखायची आमची कसोटी एकच: तुम्ही लिहिलेली कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, दुरुस्त होऊन तुमच्याकडे परत येते का? नाव किती मोठं, ऑफिसला एसी आहे का, प्रमाणपत्राचा कागद किती जाड, हे सगळं नंतर. कॉपी घेतली, तिथल्या तिथे बदलली आणि लावली, यात पानाचं काम झालं, पण तुम्हाला काही कळलं नाही. इंट्रो (बातमीची सुरुवात) का बदलला, तिसरा परिच्छेद वर का गेला, आकडा का काढला, हे कुणी दोन मिनिटं सांगितलं तरच त्या तासाचं क्रेडिट खऱ्या अर्थाने कमावलेलं असतं. म्हणून पहिल्या भेटीतच विचारावं, 'माझी कॉपी कोण बघणार?' उत्तरात एखाद्या उपसंपादकाचं नाव आलं तर जागा चांगली. 'बघेल कुणीतरी' असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करावी.

या कसोटीवर सर्वात वर येते ती मोठ्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयातली तालुका डेस्क, म्हणजे तालुक्यांतून आलेल्या बातम्या सुधारून लावणारा विभाग. लोकमत, सकाळ, दिव्य मराठी, देशदूत अशा दैनिकांची कार्यालयं जळगावात आहेत. शहर रिपोर्टिंगचं आकर्षण सगळ्यांना असतं, पण पहिल्या दोन आठवड्यांसाठी तालुका डेस्कच मागून घ्यावी. चोपडा, रावेर, जामनेर, पाचोऱ्याहून वार्ताहरांच्या बातम्या व्हॉट्सॲपवर येतात. त्यात अर्ध्या वाक्यांना क्रियापद नसतं, सत्काराला आलेल्या तीस जणांची नावं असतात आणि खरी बातमी शेवटून दुसऱ्या ओळीत दडलेली असते. अशा कॉपी रोज वीस-पंचवीस हाताखालून गेल्या की इंट्रो काढायची सवय लागते. वर्गात हे शिकवता येत नाही, कारण वर्गात इतकी वाईट कॉपी इतक्या प्रमाणात मिळत नाही.

तालुका डेस्कचा दुसरा फायदा वेळेचा. लांबच्या तालुक्यांचे गठ्ठे आधी निघतात, म्हणून डाक आवृत्तीची (तालुक्यांना जाणाऱ्या अंकाची) पानं शहर आवृत्तीच्या आधी सुटतात. शहर डेस्कवर रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं. भुसावळ, पाचोरा, चाळीसगावहून रेल्वेने येणाऱ्यांना आणि एरंडोल, धरणगावहून एसटीने येणाऱ्यांना ते जमत नाही. मुलींच्या घरून तर पहिला प्रश्न तोच येतो. हे संकोच न करता आधीच सांगावं आणि दुपारी लवकर सुरू होणारी पाळी मागावी. कार्यालयाने ती दिली तर संमतीपत्रातच वेळ लिहून घ्यावी, म्हणजे मधेच कुणी 'आज थांब' म्हणालं तर दाखवायला कागद असतो.

त्रास होतो तो टायपिंगचा. बऱ्याच कार्यालयांत पानं अजून जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर लागतात, श्रीलिपीसारख्या. मुलं मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितात. एकातून दुसऱ्यात रूपांतर करताना रफार सरकतो आणि जोडाक्षरं फुटतात. सगळ्यात जास्त मार खातो 'शेतकऱ्यांना' हा शब्द, त्याचा 'शेतकर्यांना' होतो. शेतीच्या बातम्यांनी भरलेल्या जिल्ह्यात हा शब्द पानावर दहा वेळा येणारच. म्हणून रूपांतरानंतर ऱ्य, ऱ्ह, श्र, र्क, द्ध ही अक्षरं असलेले शब्द शोधून एकदा नजरेखालून घालावेत. इंटर्नशिपच्या आधी पंधरा दिवस इनस्क्रिप्ट कीबोर्डचा सराव केला तर पहिला आठवडा वाया जात नाही. हे सांगणारं कुणी भेटत नाही आणि मग मुलाला 'हळू आहे' असा शिक्का बसतो.

आकड्यांचंही तसंच. पावसाळ्यात इंटर्नशिप असेल तर हतनूरच्या दरवाजांची बातमी तुमच्याकडे येणारच. या धरणाला ४१ दरवाजे आहेत, त्यातले किती उघडले आणि किती मीटरने उघडले, हे दोन्ही लागतं. विसर्ग कधी क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) येतो, कधी क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर). एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. एकक न बघता आकडा उचलला तर तापीकाठच्या गावांना पस्तीसपट चुकीची माहिती जाते. उन्हाळ्यात हीच गोष्ट तापमानाची. मोबाइलच्या ॲपमधला आकडा हवामान खात्याचा म्हणून छापला जातो. जळगावच्या तापमानाची बातमी राज्यभर उचलली जाते, तेव्हा आकडा कुठून घेतला हे कॉपीतच लिहावं. केळीच्या भावात रावेरचा भाव की बऱ्हाणपूरचा, क्विंटलमागे किती, आणि बोर्डावरचा भाव वेगळा व शेतकऱ्याच्या हातात पडलेला वेगळा असेल तर दोन्ही, एवढं विचारून आल्याशिवाय ती बातमी पुरी होत नाही. चांगला उपसंपादक अशा कॉपीवर फक्त 'कुठला भाव?' एवढंच लिहून ती परत पाठवतो. असा माणूस जिथे आहे तिथे चार आठवडे सत्कारणी लागतात.

मोठ्या कार्यालयांची उणी बाजू म्हणजे गर्दी. एका वेळी पाच-सहा इंटर्न आले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रेसनोट छोट्या करण्यापलीकडे काही येत नाही. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्यांबरोबर जाण्यापेक्षा महाविद्यालय परवानगी देत असेल तर सत्र चालू असताना, आठवड्याला काही ठरावीक तास विभागून करावी. यूजीसीची मोजणी तासांची आहे, त्यामुळे १२० तास पंधरा आठवड्यांत पसरले तरी हरकत नसते. आठवड्याला ८ तास, म्हणजे दोन दुपारी. दोनच दुपारी असल्याने रोजच्या घडामोडी हातातून सुटतात हे खरं, पण एकाच विषयाचा फॉलोअप करायला हा काळ फार चांगला. पाणीटंचाईची एक बातमी दोन-अडीच महिने धरून ठेवता येते.

धुळे आणि नंदुरबारातली छोटी स्थानिक दैनिकं आणि साप्ताहिकं हा दुसरा पर्याय. इथे कॉपी परत येण्याची शक्यता माणसावर अवलंबून असते. संपादक स्वतः लिहिणारा असेल तर मोठ्या दैनिकापेक्षा जास्त शिकायला मिळतं, कारण शेजारीच बसायचं असतं आणि पान लावण्यापासून मथळा देण्यापर्यंत सगळं हातात येतं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या भागातल्या बातम्या भिल्ली, पावरी बोलणाऱ्यांकडून घ्याव्या लागतात, आणि शहादा-नंदुरबारच्या पट्ट्यात अहिराणी कामाला येते. ज्या मुलांच्या घरी या बोली बोलल्या जातात त्यांनी हे संमतीपत्र मागतानाच सांगावं. आश्रमशाळा, रेशन, वनहक्काचे दावे, स्थलांतर यांवर माणसाशी थेट बोलू शकणारा इंटर्न कुठल्याही कार्यालयाला हवा असतो. धडगाव परिसरातून कॉपी पाठवताना नेटवर्कचा भरवसा धरू नये. मजकूर आधी, फोटो नंतर, आणि फोटो पाठवताना आकार कमी करून, हा क्रम ठेवावा.

छोट्या ठिकाणी जपायचं ते जाहिरातीपासून. 'दिवाळी अंक आहे, दोन जाहिराती आण', 'नेत्यांचा वाढदिवस आहे, पुरवणीसाठी फिर' अशी कामं इंटर्नच्या गळ्यात पडतात. हे पत्रकारितेचे तास नाहीत. दैनंदिनीत ते लिहिले तर मार्गदर्शक प्राध्यापक कापतील, आणि खोटे लिहिले तर तोंडी परीक्षेत उघडं पडेल. महाविद्यालयाच्या पत्रातच 'बातमी लेखन, संपादन, वार्तांकन' असं कामाचं स्वरूप लिहून घेतलं की नाही म्हणणं सोपं जातं. कुणी इंटर्नशिपसाठी पैसे मागितले, किंवा ओळखपत्र म्हणून 'प्रेस' कार्ड विकत दिलं, तर तिथून निघावं. शासनाची अधिस्वीकृती पत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं आणि ती अनुभवी पत्रकारांसाठी असते. इंटर्नला महाविद्यालयाचं ओळखपत्र आणि कार्यालयाचं पत्र पुरतं.

नियतकालिक नोंदणीकृत आहे का हे बघायला अंकाच्या शेवटच्या पानाखालची ओळ वाचावी. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि नोंदणी क्रमांक तिथे असतो. १ मार्च २०२४ पासून नवा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा लागू झाला आहे, त्यामुळे नव्या नोंदण्या प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे होतात. वेब पोर्टल आणि यूट्यूब चॅनलला ही नोंदणी नसते. त्यांच्यासाठी २०२१ चे आयटी नियम आहेत, आणि त्यांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व संपर्क साइटवर असायला हवा. तो नसेल तर महाविद्यालय तिथली इंटर्नशिप मान्य करेलच असं नाही, आधी विचारून घ्यावं.

यूट्यूब चॅनलबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. कॅमेरा धरणं, बूम (चॅनलचा माइक) पुढे करणं, मोबाइलवर कापाकापी करणं हे पटकन येतं आणि ते पुढे लागतंही. पण लिहिलेली कॉपीच नसेल तर परत काय येणार? पत्रकार परिषदेत माइक पुढे केला, अख्खं भाषण चढवलं आणि थंबनेलवर मोठ्या अक्षरात दोन शब्द टाकले, यात संपादन कुठेच झालं नाही. अपवाद आहेत. जे चॅनल आधी पटकथा लिहून घेतं, निवेदनाला वेळ मोजतं आणि प्रसारणाआधी कुणीतरी बघतं, तिथे जायला हरकत नाही. बाकी ठिकाणी १२० तास म्हणजे १२० तास उभं राहणं.

जिल्हा माहिती कार्यालयाला मात्र अनेक जण कमी लेखतात. शासकीय प्रसिद्धीचं काम असल्याने बातमीची एकच बाजू हाताळायला मिळते, ही त्याची मर्यादा आहेच. पण पदनाम अचूक लिहिणं, योजनेच्या निकषांत चूक न करणं, एका कार्यक्रमाची बातमी अर्ध्या तासात तयार करणं, फोटो ओळीत माणसं डावीकडून बरोबर क्रमाने देणं, ही शिस्त तिथे लागते. आणि प्रेसनोट कशी तयार होते हे आतून बघितलं की पुढे दैनिकात बसल्यावर तिच्यात काय गाळलं आहे ते लगेच दिसतं. महाविद्यालयाने लेखी मान्यता दिली तर ४० तास इथे आणि ८० तास दैनिकात, अशी विभागणी उत्तम. परवानगीला वेळ लागतो. अर्ज किमान एक महिना आधी आवक विभागात देऊन शिक्का मारलेली प्रत घ्यावी. प्रमाणपत्रावर जावक क्रमांक आणि तारीख येते, त्यामुळे ते कुठेही अडत नाही.

आकाशवाणीची केंद्रं जळगावात आणि धुळ्यात आहेत. रेडिओत बातमी लिहिण्यापेक्षा कार्यक्रम लिहिण्याचं, ध्वनिमुद्रणाचं, आवाजाच्या संपादनाचं काम हाती येतं. लांब वाक्य ऐकताना तुटतं, हे कानाने कळतं. ज्यांना आवाजाची ओढ आहे त्यांनीच जावं.

कुठेही गेलात तरी एक गोष्ट पहिल्याच दिवशी विचारायची: बाल आणि लैंगिक अत्याचाराच्या बातमीत ओळख लपवण्याची पद्धत या कार्यालयात कशी आहे? पोक्सो कायद्याचं कलम २३, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ पीडितेची ओळख उघड करायला मनाई करतात. नाव न छापणं पुरेसं नसतं. दीड हजार वस्तीच्या गावात गावाचं नाव, मुलीची इयत्ता आणि वडिलांचा व्यवसाय एवढं छापलं की सगळ्यांना कळतं. खान्देशातली बहुतेक गावं अशीच लहान आहेत, म्हणून शहरातल्या कार्यालयात चालणारी पद्धत इथे चालत नाही. इंटर्नच्या हातून हीच चूक जास्त होते, कारण एफआयआर समोर असतो आणि तपशील भरपूर दिसतो. अशी एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकलीही जात नाही. बाकी गुन्ह्यांची टाकली जाते, ती मूळ वाचावी, ठाण्यातून कुणी तोंडी सांगितलेल्यावर थांबू नये.

माहिती अधिकारावर बातमी करायची असेल तर अर्ज पहिल्या आठवड्यातच टाकावा, शक्य असेल तर इंटर्नशिपच्याही आधी. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि सलग केलेली इंटर्नशिप साधारण तेवढ्याच दिवसांत संपते. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांत. 'रस्त्यांबाबत संपूर्ण माहिती द्यावी' असा अर्ज केला तर उत्तर येत नाही, 'अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि शेवटच्या देयकाची प्रत' असा केला तर येतं.

आता कागदपत्रं, कारण क्रेडिट शेवटी कागदावर मिळतं आणि सर्वात जास्त मुलं इथेच अडकतात. महाविद्यालयाचं शिफारसपत्र आणि कार्यालयाचं संमतीपत्र, दोन्ही रुजू होण्याच्या तारखेआधीचं हवं. आधी रुजू होऊन नंतर पत्र आणलं तर मधले दिवस मोजले जात नाहीत. प्रमाणपत्रात 'एक महिना काम केले' असं नको. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत एकूण १२० तास' असं स्पष्ट हवं. सही संपादकीय विभागातल्या जबाबदार व्यक्तीची हवी. जाहिरात किंवा वितरण विभागाच्या सहीवर प्राध्यापक शंका घेतात, आणि ते बरोबरच आहे.

दैनंदिनीत रोज सात गोष्टी: तारीख, आल्या-गेल्याची वेळ, विषय, कुणाशी बोललो, किती शब्द लिहिले, छापलं का, आणि डेस्कने काय बदललं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच रिकामा राहतो. प्रवासाचा वेळ तासांत धरू नये.

इंटर्नला बायलाइन (बातमीवर स्वतःचं नाव) क्वचित मिळते, बातमी 'प्रतिनिधी' म्हणूनच लागते. मग ती तुमची हे सिद्ध कसं करणार? प्रत्येक कात्रणावर त्याच आठवड्यात मार्गदर्शकाची सही घ्यावी, महिन्याच्या शेवटी एकदम पंचवीस कात्रणं पुढे केली तर कुणी सही करत नाही. बातमी फक्त चोपड्याच्या पानावर लागली असेल तर जळगाव शहरातल्या अंकात ती सापडणार नाही. ई-पेपरमधून त्या आवृत्तीचं पान त्याच दिवशी उतरवून ठेवावं, जुनी पानं नंतर मिळत नाहीत किंवा पैसे भरावे लागतात. आणि आपण दिलेली मूळ कॉपी कधीही पुसू नये. अहवालात एका पानावर मूळ कॉपी, समोरच्या पानावर छापील बातमी, आणि खाली बदलांची कारणं अशी आठ-दहा जोड्या लावल्या तर तोंडी परीक्षेत बोलायला भरपूर असतं. परीक्षक विचारतात ते हेच: ही माहिती कशी पडताळली, दुसरी बाजू कुणाची घेतली, मथळा कुणी दिला. चाळीस कात्रणं चिकटवून आणणाऱ्यापेक्षा अशा दहा जोड्या आणणाऱ्याला चांगले गुण द्यावेत, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

मानधनाची अपेक्षा जिल्हा पातळीवर फारशी ठेवू नये. निदान वार्तांकनाला जाण्याचा प्रवासखर्च मागावा, तो मागण्यात गैर काही नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून विद्यावेतन मिळेल असं अनेकांना वाटतं, पण शिक्षण चालू असलेले उमेदवार त्या योजनेला पात्र नाहीत.

शेवटचं काम निकालानंतरचं. शैक्षणिक क्रेडिट बँकेचं खातं डिजिलॉकरमधून उघडता येतं, आणि त्यातलं नाव व जन्मतारीख महाविद्यालयाच्या नोंदीशी अक्षरशः जुळली पाहिजे. मराठी नावांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे असेल तर क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. निकाल लागल्यावर महिनाभराने खातं उघडून ओजेटीचे ४ क्रेडिट जमा झालेत का ते बघावं. नसतील तर प्रमाणपत्राची प्रत, मूल्यमापन पत्रक आणि क्रेडिट खात्याचा क्रमांक घेऊन महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.